कित्त्यात नव्हतं ते

भाट्याची खाडी तरीतून ओलांडून आम्ही रत्नागिरीच्या बंदरावर आलो, तेव्हा आगबोट अजून पाण्यात लांब उभी होती आणि तात्या माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते. तात्या म्हणजे माझे वडील, पूर्णगडच्या शाळेचे मास्तर. सकाळपासून चालून त्यांच्या धोतराचा काठ तांबड्या मातीने भरला होता. तिकीट घेतलंस ना, हे त्यांनी मला पाच वेळा विचारलं आणि पाचही वेळा तिकीट त्यांच्याच कोटाच्या खिशात होतं.

खलाशी एकेका माणसाला खांद्यावर उचलून पडावात ठेवत होते. पडाव भरला की तो आगबोटीला जाऊन लागायचा. माझी पाळी जवळ आली, तशी तात्यांनी काखेतली मेणकापडाची गुंडाळी माझ्या हातात दिली. मला वाटलं, आईने आणखी फणसाची साठं दिली असतील. उघडून बघतो तर आत कित्ते, तात्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिलेले, पहिलीपासून चौथीपर्यंतचे सगळे.

"अक्षर मोडू देऊ नकोस," ते म्हणाले. मग इकडेतिकडे बघून, चोरीची गोष्ट सांगावी तशा आवाजात म्हणाले, "आणि माझं एक काम कर. मुंबईत विद्वान माणसं असतात म्हणे. कुणालातरी विचार, कित्ता हा शब्द आला कुठून. आणि मला कळव."

चोवीस सालचा मार्गशीर्ष होता आणि मी एकोणीस वर्षांचा होतो. इतरांचे बाप वाईट संगत, विडीकाडी, गिरणीचा पट्टा, असल्या गोष्टी सांगत होते. माझ्या बापाने मला एक शब्द शोधायला सांगितला. मी हो म्हटलं आणि खलाशाच्या खांद्यावर बसलो. मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं काहीतरीच.

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला कित्ता म्हणजे काय ते सांगायला नको, तुमच्या बोटांना अजून आठवत असेल. पण माझ्यासारखे जे बाहेर पडले आणि ज्यांची पोरं आता मुंबईत छापील वह्या मिरवतात, त्यांच्यासाठी लिहितो. मास्तरांनी सुंदर अक्षरात लिहून दिलेला नमुना म्हणजे कित्ता. तात्या बोरूची टोकं तिरपी कापून घ्यायचे, ओळी आखायचे, आणि श्वास धरून लिहायचे. मग तो कागद खळीने पुठ्ठ्यावर डकवायचे. पोरांनी वर पातळ कागद ठेवून अक्षरावर अक्षर फिरवायचं, म्हणजे गिरवायचं. ओली शाई सुकवायला तात्यांकडे टीपकागद नव्हता. पुळणीवरची बारीक वाळू चाळून त्यांनी एका डबीत भरून ठेवली होती. ओळ संपली की चिमूटभर वाळू टाकायची, कागद हलवायचा आणि झटकायचा. आमच्या शाळेतल्या प्रत्येक वहीच्या शिवणीत पूर्णगडचा समुद्रकिनारा थोडाथोडा साठलेला असे.

चाळीस वर्षांत तात्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्यांचं अक्षर एकसारखं. तांडेलाचा मुलगा, सुताराचा मुलगा, दुकानदाराचा मुलगा आणि मी, आमची चार पत्रं शेजारी ठेवली तर कुणाचं कुठलं ते आमच्या आयांनाही सांगता आलं नसतं. अर्थात आमच्या आयांना वाचताच येत नव्हतं, ती गोष्ट निराळी.

त्या शब्दाचं खूळ तात्यांच्या डोक्यात शिरलं ते दिपोटीसाहेबांमुळे. शाळा तपासायला आलेल्या त्या साहेबांनी भर वर्गात विचारलं होतं, "मास्तर, दिवसातून चाळीस वेळा कित्ता कित्ता म्हणता. या शब्दाचा मूळ अर्थ काय?" तात्यांना सांगता आला नाही. साहेब हसले, शेरेबुकात चांगलंच लिहून गेले, पण सगळी पोरं बघत होती आणि मी पुढच्या ओळीत बसलो होतो. तात्या त्या दिवशी जेवताना म्हणाले, "ज्याच्यावर पोट भरलं, तो शब्द कुणाच्या घरचा, हेसुद्धा मला ठाऊक नाही." आई म्हणाली, "भात कुणाच्या घरचा ते ठाऊक हाय ना? मग जेवा." विषय तिथे संपला असं तिला वाटलं. तात्यांच्या मनात तो संपला नाही.

आईला वाचता येत नव्हतं याचं मुंबईत लोकांना नवल वाटायचं. मास्तरांची बायको आणि अडाणी? तात्यांनी लग्नानंतर तिला शिकवायला घेतलं होतं. चार दिवस ती पाटी घेऊन बसली. पाचव्या दिवशी भात करपला. ती उठली आणि म्हणाली, "तुमी हायत ना वाचायला. घरात दोघांनी वाचून करायचं काय?" तात्यांनी पाटी उचलून ठेवली.

मी निघालो त्या दिवशी ती आमच्या बेड्यापर्यंत, म्हणजे कुंपणाच्या फाटकापर्यंत आली, तिथून पुढे आली नाही. बंदरावर रडणाऱ्या बायका तिला आवडत नसत. "लिवत जा," एवढंच म्हणाली. लिहिलेलं तिला वाचता येणार नव्हतं, तरी तिने सांगितलं ते लिहायला.

मुंबईत डोंगरीला आमच्या गावाची खोली होती. एकोणीस माणसं आणि एक खिडकी. महिन्यातून एका रविवारी सगळे ओळीने पत्र लिहायला बसत आणि सगळे तेच पत्र लिहीत. चौथीच्या पत्राच्या कित्त्यात तात्यांनी दोन नमुने घातले होते, एक वडिलांनी मुलाला लिहायचा आणि एक मुलाने वडिलांना, आमचा तो असा: "तीर्थरूप बाबांचे चरणी बालके गणेशचा साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील सर्व क्षेम. आपली प्रकृती जपावी. तिकडील क्षेम लिहीत जावे. कळावे, लोभ असावा ही विनंती." पत्र म्हटलं की हेच. यापुढे काही लिहायचं असतं, ही कल्पनाच आमच्या डोक्याला शिवली नव्हती. अर्जुनचं बोट गिरणीत सापडलं, त्याने डाव्या हाताने कागद दाबून धरत लिहिलं, येथील सर्व क्षेम. बाळ्या दोन महिने बेकार होता, येथील सर्व क्षेम. याच बाळ्याने पहिलं पत्र कित्त्याबरहुकूम लिहिताना खाली सहीसुद्धा "गणेश" अशी ठोकली होती. गावात त्याच्या आईने ते वाचून घेतलं आणि हंबरडा फोडला, पोराने मुंबईला जाऊन नाव बदललंन म्हणून. पूर्णगडचा टपालवाला म्हणायचा, तुमच्या पोरांची पत्रं मी न फोडता वाचून दाखवतो.

मीही यातलाच. टायफॉइडने महिनाभर आडवा होतो, तेव्हा बाळ्याने माझ्या नावाने क्षेम कळवलं. अक्षर एकच असल्यामुळे घरी कुणाला संशय आला नाही. तेव्हा आम्हाला त्याचं फार हसू आलं होतं.

तात्यांची पत्रं मात्र कित्त्यातली नसत. ते मायना कित्त्यासारखा घालत आणि मग सुटत. कुणाचा मचवा फुटला, आंब्याला तुडतुडा कसा लागला, शाळेच्या कौलावर माकडांनी काय धुमाकूळ घातला, आईने कोणाला काय सुनावलं, सगळं त्यात असे. आणि शेवटी न चुकता: "माझ्या कामाचे काय झाले?" पाकीट फोडलं की आधी वाळू पडायची. माझ्या वळकटीवर, कधी ताटात. खोलीतले ओरडायचे, सद्या, बाहेर जाऊन फोड. मी मुद्दाम आत फोडायचो.

अक्षरावर पोट भरशील, असं तात्या नेहमी म्हणायचे, ते खरं झालं. मला एका शिळाप्रेसात काम मिळालं. लिथो म्हणायचे तिथे. पिवळसर ट्रान्सफर कागदावर चिकट शाईने लिहायचं, तो कागद दगडावर दाबायचा, अक्षर दगडावर उतरतं आणि मग त्याच्या हजार प्रती निघतात. मराठी मजकूर लिहायला मी, गुजरातीला एक पारशी गृहस्थ आणि उर्दू-फारसीला मुन्शीजी. हे मुन्शीजी राजिवड्याचे, म्हणजे आमच्या रत्नागिरीचेच. पांढरी दाढी, जाड चष्मा, आणि डब्यात रोज मासे. पहिल्याच दिवशी माझं अक्षर बघून म्हणाले, "हात कोणी बसवलान तुझा?" मी म्हटलं, वडिलांनी. ते म्हणाले, "चांगला माणूस असणार. घाई न्हाय हातात."

अशा माणसाच्या शेजारी बसून मी पाच वर्षं काम केलं आणि तात्यांचा प्रश्न त्यांना विचारला नाही. विद्वान म्हणजे पगडीवाला, उपरणेवाला, कुठल्यातरी कॉलेजातला, अशी माझी समजूत होती. अशा दोघातिघांना मी भीतभीत गाठलं होतं. एकाने संस्कृतातून काहीतरी व्युत्पत्ती ओढूनताणून काढली, ती त्यालाच पुढे सांगता येईना. दुसऱ्याने मला दारातूनच वाटेला लावलं. शेजारी बसून सुरमई खाणाऱ्या माणसाला विचारावं, हे काही सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी.

एके दिवशी मुन्शीजी एका नव्या उमेदवाराला वळण शिकवत होते. कागदाच्या तुकड्यावर चार ओळी लिहून त्यांनी त्याच्यापुढे सरकवल्या आणि म्हणाले, "हा किता घे. ह्याच्याखाली लिही." माझा बोरू थांबला.

"मुन्शीजी, काय म्हणालात?"

"किता. का रे?"

मग त्यांनी सांगितलं. शब्द मूळचा अरबी, फारसीवाटे आपल्याकडे आला. किता म्हणजे तुकडा, कापून वेगळा काढलेला भाग. उस्ताद चार ओळींचा तुकडा लिहून देतो, शागीर्द त्याच्याखाली हात बसवतो. लिहिण्याच्या तुकड्यालाच किता म्हणायची रीत पडली आणि मराठी मुलखात त्याचा कित्ता झाला. "आणि एकटा आला न्हाय तो," मुन्शीजी बोटांवर मोजत म्हणाले. "कलम आली, दौत आली, कागद आला, शाई आली. सगळं बिऱ्हाड तिकडचं. तुझा बोरू तेवढा इथला."

मी त्या दिवशी प्रेसच्या कागदावर तात्यांना चार पानं लिहिली. आयुष्यातलं पहिलं पत्र, ज्यात "येथील सर्व क्षेम" लिहायचं राहून गेलं. मुन्शीजी कसे दिसतात, काय खातात, काय म्हणाले, तुमच्या हाताला घाई नाही असं ते म्हणाले, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, सहा वर्षं लागली, पण तुमचं काम केलं. टपालात टाकून आलो आणि दिवस मोजू लागलो. तात्या ते पत्र शाळेत वाचून दाखवतील, दिपोटीसाहेबांना धाडतील, मला आठ पानी उत्तर लिहितील, असे मनातल्या मनात मांडे खात होतो.

उत्तर महिन्याने आलं. "चिरंजीव सदाशिव यास अनेक आशीर्वाद विशेष. येथील सर्व क्षेम. आपली प्रकृती जपावी. तिकडील क्षेम लिहीत जावे. कळावे, हा आशीर्वाद." बस्स. अक्षर तात्यांचं. शब्दाबद्दल एक अक्षर नाही.

मला वाटलं, पहिलं पत्र पोहोचलं नसेल. पुन्हा लिहिलं, थोडक्यात. पुन्हा तेच उत्तर आलं. तिसऱ्यांदाही तेच. पाकीट झटकलं तर वाळूही पडेना, उलट कागदाला धुराचा वास. मला राग आला. खरं सांगतो, राग म्हणजे डोळ्यात पाणी येईल असा. ज्या माणसाने बंदरावर उभं राहून मला ते काम सांगितलं, त्याला आता माझ्याशी चार ओळी बोलायला नकोत. मुलगा मुंबईचा झाला, मुसलमान मुन्शीकडून शब्द शिकून आला, हे रुचलं नसेल काय? असले घाणेरडे विचारही मनात आले. मीही मग कित्त्यातलं पत्र पाठवू लागलो, नंतर तेही नाही. तीन महिने मी घरी एक ओळ लिहिली नाही. त्या हंगामात गावाहून आलेल्यांना विचारलं तर सगळे नजर चुकवून म्हणत, बरे आहेत, बरे आहेत.

आषाढ सरताना आणखी एक पत्र आलं. मी ते प्रेसमध्येच फोडलं. तेच पाच वाक्यांचं. चिडून आधीच्या पत्रांवर आपटलं आणि तसाच बघत राहिलो. आमच्या कामाची सवय, कागदावर कागद ठेवून ओळ जुळते का ते बघायची. मी चारही पत्रं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. चारही पत्रांतलं अक्षर न अक्षर एकमेकांवर बसलं. कुठे केसाएवढाही फरक नाही. कोणताही माणूस चार पत्रं अशी लिहू शकत नाही. ती लिहिलेली नव्हती, गिरवलेली होती.

फक्त एक शब्द वेगळ्या वळणाचा होता. "सदाशिव." त्यातल्या 'व'ला खाली एक लपेटा होता. तो तात्यांच्या कित्त्यात नाही. ती खोड मला मुन्शीजींच्या शेजारी बसून लागली होती. म्हणजे माझं नाव कुणीतरी माझ्याच पत्रातल्या सहीवरून गिरवून घेतलं होतं. मी मुन्शीजींना पत्रं दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले, "ऊठ. घरी जा."

पावसाळ्यात आगबोट बंद. कोल्हापुरापर्यंत रेल्वे, तिथून मोटारीने आंबा घाट. हातखंब्याला मोटार चिखलात बसली ती बसलीच. मी बोचकं खांद्यावर घेतलं आणि चालत सुटलो. वाटेत एकच गोष्ट मनात येत होती: तात्या नसतील आणि मी तीन महिने रुसून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोहोचलो. पुढचं दार उघडंच होतं. आई चुलीपाशी माझ्याकडे पाठ करून बसली होती. पुढ्यात पाट, पाटावर तात्यांचा पत्राचा कित्ता, त्यावर पातळ कागद. उलथनं धरावं तसा बोरू मुठीत धरलेला आणि जीभ दातात. तिने 'क्षे' अर्धा केला होता. ती एक रेघ ओढायची, थांबायची, श्वास घ्यायची. शेजारी आधीची ओळ चुलीच्या धगीवर सुकत होती. धुराचा वास कुठून येत होता ते तेव्हा कळलं.

मी हाक मारली तेव्हा ती दचकली आणि तिने कागदावर पदर टाकला. मग मला बघून म्हणाली, "तुलाच लिवत होते. आलास, बरं झालं. चार दिवसांचं काम वाचलं."

तात्या मागल्या पडवीत बाजेवर होते. उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा ठेवल्यासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. माझं ते चार पानी पत्र पोहोचलं, त्यानंतर आठवड्याभरात त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. त्यांनी मला बघितलं आणि लहान मुलासारखे रडले. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. "तुला कळवायचं नाही असं मीच सांगितलं," ते म्हणाले. "नोकरी सोडून आला असतास."

"गावात कुणाकडनं लिवून घेतलं असतं, तर तो खरं लिवल्याबिगर ऱ्हायला असता काय?" आई म्हणाली. "सगळ्यांना शपथ घातली, कोण बोलायचं न्हाय. आणि म्हटलं, मीच लिवते. कित्ता तर हायच घरात."

"पण आये, मी त्या शब्दाचं एवढं लिहिलं होतं. त्याबद्दल एक ओळ तरी..."

तिने तात्यांच्या उशीखालून माझं पत्र काढलं. ते घडीवर फाटून चार तुकडे झालं होतं, इतक्या वेळा उघडून वाचलेलं. "रोज वाचतात," ती म्हणाली. "मला म्हणत होते, त्याला लिव, फार आनंद झाला. आता आनंद मी कसा लिवू? तो कित्त्यात नव्हता."

आठ महिने ज्या पत्रांचा मी राग राग केला, त्यातल्या एकेका पत्राला माझ्या आईने चार चार दिवस घातले होते. चाळीस वर्षं जी बाई पाटीला शिवली नव्हती, ती माझ्यासाठी चुलीपुढे बसून अक्षरावर अक्षर फिरवत होती, आणि आपण काय लिहितोय तेही तिला धड वाचता येत नव्हतं. मला स्वतःची फार लाज वाटली. आज लिहितानाही वाटते.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी मला शब्दाबद्दल पुन्हा सांगायला लावलं, तोंडी. मी सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "तुकडा," ते म्हणाले. उशीखालचं माझं पत्र चाचपलं. मग म्हणाले, "चुकलंच माझं. तुकडा द्यायचा असतो, पुढचं पोरांनी लिहायचं असतं. मी पुरं पत्रच लिहून दिलं. पोरांना वाटलं, झालं, आता आपल्याला सांगायला काही उरलं नाही." त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "हिला तरी नीट कित्ता घालून दे. तू घाल. तुझा हात माझाच आहे."

तीन आठवडे मी रोज सकाळी कित्ते घातले. आईला विचारायचो, काय लिहावंसं वाटतं सांग. पहिले दोन दिवस तिला काही सुचेना. मग असं सुचायला लागलं की माझा बोरू पुरेना. "गाय व्याली. पाडा झाला." "आज ह्यांनी दोन घास जास्ती खाल्ले." "मिरचीचं रोप कोंबडीने खाल्लं, मेली उंडगी." तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता एक रागाचं लिव." मी विचारलं, कुणावर? म्हणाली, "तीन महिने पत्र न्हाय, लाज वाटत न्हाय काय, असं लिव. लागंल पुढंमागं." मी माझ्याच विरुद्धचा कित्ता सुरेख अक्षरात लिहून दिला. तात्या बाजेवरून सगळं तपासायचे. 'ळ'चं पोट लहान पडलं, काना वाकला, म्हणून मला बोलायचे. आणि प्रत्येक कित्त्याच्या शेवटी मला दोन ओळी कोऱ्या सोडायला लावायचे.

परत निघताना आईने मला पुन्हा बेड्यापर्यंतच सोडलं. या वेळी "लिवत जा" म्हणाली नाही. "बघते, कोण आधी लिवतो ते," म्हणाली.

तिनेच आधी लिहिलं. पाकीट फोडलं आणि इतकी वाळू पडली की शेजारचा बाळ्या म्हणाला, अर्धी पुळण उचलून धाडलीनी. वरच्या ओळी कित्त्यातल्या होत्या, गाय, घास, कोंबडी. आणि खाली, कोऱ्या सोडलेल्या जागेत, वेडंवाकडं, कुठलाही कित्ता नसलेलं एक वाक्य होतं: "वाळू ह्यांनी डाव्या हातानं टाकली जास्त पडली." मी ते पत्र मुन्शीजींना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे अक्षर बसलेलं न्हाय. पण हे खरं अक्षर."

पुढे माझं लग्न झालं, पावस गावची बायको आली, खोलीतून बिऱ्हाडात गेलो. आईची पत्रं येत राहिली. कित्त्यातल्या ओळी कमी होत गेल्या, खालची कोरी जागा वाढत गेली. आमच्या खोलीतल्या लोकांनाही मी ती वाचून दाखवायचो. अर्जुनने बारा वर्षांनी घरी लिहिलं, की माझ्या उजव्या हाताला चारच बोटं आहेत. त्याच्या बायकोने उत्तर धाडलं, मी दिवाळीलाच मोजली होती.

तात्या गेले, त्याला आता दोन वर्षं होतील. रत्नागिरीहून तार आली, मी धावत गेलो, दिवस करून परत आलो. दारात टपाल पडलं होतं. त्यात आईचं एक पत्र, ज्या दिवशी तार केली त्याच दिवशी टाकलेलं. आधी खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि मग पाकीट फोडलं. वाळू पडली, चिमूटभर, बेताची. आत दोन ओळी होत्या. पहिली तात्यांच्या जुन्या कित्त्यातली, पण शेवटी एक शब्द तिने आपल्या पदरचा घातलेला: "येथील सर्व क्षेम नाही. वाळू मी टाकली." मी दिवस करताना रडलो नव्हतो, तेव्हा रडलो.

आता माझी मुलगी शाळेत जाते. तिला छापील कित्त्याची वही आहे, गुळगुळीत कागदाची. परवा तिच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही प्रेसमध्ये अक्षरांचं काम करता आणि मुलीचं अक्षर असं? काने वाकडे, ओळ खाली उतरलेली. वही देऊनही ती दुसरंच काहीतरी गिरवते. मी मुलीला विचारलं, काय गिरवतेस? तिने दप्तरातून आजीचं पत्र काढलं. त्यावर पातळ कागद ठेवून ती रोज थोडं थोडं गिरवत होती. कागदाच्या घडीत वाळू होती.

सरळ अक्षरावर माझं घर चालतं, आणि मुन्शीजी गेल्यापासून प्रेसमध्ये नव्या पोरांचे हात बसवायचं काम माझ्याकडे आहे. वाकडा काना मला दुरूनही बघवत नाही. पण गावाकडच्यांनो, तुम्हाला सांगतो, मी त्या पोरीला एका शब्दाने हटकलं नाही. बाईंना म्हटलं, आमच्या घरचं वळण आहे ते, राहू द्या. घरी येऊन तिच्यासाठी बोरू कापला आणि तिच्या कागदाच्या खाली दोन ओळी कोऱ्या आखून दिल्या.